बांधावरची फुले राखा : अमेरिकेतल्या ‘ब्लेझिंग स्टार’ची गोष्ट

(शेती कार्यक्रमात दिलेले भाषण)
सादरकर्ते : कृषी विस्तार अधिकारी, बी.एस्सी. (कृषी)



गेल्या वैशाखात एका गावी सभेला गेलो होतो. सभा आटोपल्यावर एक वयस्कर शेतकरी, आपण त्यांना आबा म्हणू, मला आपलं शिवार दाखवायला घेऊन गेले. रान नांगरून ठेवलेलं, ढेकळं तापत पडलेली. पण बांध पाहिला तर काळाभोर. नुकताच पेटवलेला. मी विचारलं, “आबा, बांध का हो जाळला?” आबा हसले आणि म्हणाले, “रावसाहेब, तुमीच तर सांगता की, बांध साफ ठेवा म्हणून!”

मी गप्प बसलो. कारण आबांचं म्हणणं खरं होतं. नोकरीला लागलो तेव्हा गावोगाव मीच सांगत फिरत होतो की, तणावर किडी राहतात, तेव्हा बांध स्वच्छ ठेवा. हा सल्ला खोटा नव्हता, पण अर्धा होता. कोणतं तण काढायचं आणि कोणतं राखायचं, हे सांगायचं राहून गेलं होतं. ते राहिलेलं अर्धं आज सांगणार आहे.

त्यासाठी तुम्हाला थोडा लांबचा प्रवास करावा लागेल, थेट अमेरिकेत, एका रानफुलाकडे. आपण आपल्या बांधावर जी चूक थोडी थोडी करतो आहोत, ती तिथल्या शेतकऱ्याने फार मोठ्या रानावर करून पाहिली. आता तोच शेतकरी ती दुरुस्त करू लागला आहे. दुसऱ्याच्या ठेचेवरून आपण शहाणे व्हावे, यात कमीपणा कसला?

धगधगत्या ताऱ्याचे फूल

या रानफुलाला तिकडे ‘ब्लेझिंग स्टार’ म्हणतात. आपल्या भाषेत धगधगता तारा. शास्त्रीय नाव लायट्रिस. गवतातून एक सरळ दांडा वर येतो आणि त्यावर जांभळ्या-गुलाबी फुलांचा तुरा लागतो. बहुतेक फुलझाडांच्या तुऱ्यात खालची फुले आधी उमलतात आणि मग वरची. याचे उलटे आहे. तुरा शेंड्याकडून उमलायला लागतो आणि फुलत फुलत खाली येतो.

हे झाड आपल्या सूर्यफुलाच्या, करडईच्या आणि झेंडूच्या कुळातले आहे. सूर्यफुलाचे तबक तुम्ही नीट पाहिले असेल. कडेच्या पिवळ्या पाकळ्या नुसत्या दिखाव्याच्या. दाणा भरतो तो आतल्या बारीक बारीक नळीसारख्या फुलांत. म्हणजे आपण ज्याला एक फूल म्हणतो ती शेकडो फुलांची वस्ती असते. ब्लेझिंग स्टारला कडेच्या पाकळ्या नसतात, नुसती आतली नळीची फुले. त्यात मध भरपूर, म्हणून मधमाश्या, भुंगे आणि फुलपाखरे यांची त्यावर झुंबड उडते. तिकडे मोनार्क नावाचे नारिंगी-काळे फुलपाखरू शरद ऋतूत हजारो मैल उडत मेक्सिकोकडे जाते. वाटेत त्याला शिदोरी लागते. ती शिदोरी पुरवणाऱ्या फुलांत हे एक मानाचे फूल आहे.

जाती चाळीस, पण प्रत्येकीची जमीन वेगळी

आता खरी गंमत ऐका. ब्लेझिंग स्टार ही एकच जात नाही. तिच्या चाळीसच्या आसपास जाती आहेत, आणि त्या सगळ्या मूळच्या उत्तर अमेरिका खंडाच्या. वरवर पाहिले तर सगळ्या सारख्याच, जांभळा तुरा आणि अरुंद पाने. शेजारी शेजारी वाढल्या तर त्यांचा आपसात संकरही होतो, त्यामुळे जाणकारसुद्धा कधी कधी चकतात. पण जमिनीच्या बाबतीत प्रत्येकीची आवड ठरलेली.

स्पायकाटा नावाच्या जातीला ओलसर कुरण लागते. हीच जात आज जगभर फुलबाजारासाठी लावतात. पिक्नोस्टॅकिया ही उंच गवताच्या माळावरची, माणसाच्या छातीपर्यंत वाढणारी. अ‍ॅस्पेरा ही कोरड्या, रेताड जमिनीची. सिलिंड्रासिया चुनखडीच्या, खडकाळ जागेची. आणि पंक्टाटा ही कमी पावसाच्या प्रदेशातली. ती जमिनीच्या वर फूट-दीड फूटच दिसते, पण तिचे सोटमूळ १२ ते १५ फूट खोल गेल्याची नोंद आहे. वर दुष्काळ पडला तरी खाली तिची विहीर चालू असते म्हणा ना!

काही जातींची जागा तर अगदीच लहान. हेलेराय ही जात नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या उंच डोंगरांच्या कड्यांवरच राहते. ओहलिंगेरी फ्लोरिडाच्या वाळूच्या झुडपी रानातच सापडते. या दोघी इतक्या कमी उरल्या की अमेरिकेच्या सरकारला अनुक्रमे १९८७ आणि १९८९ साली त्यांना कायद्याने संरक्षण द्यावे लागले. यांची जागा गेली की यांना दुसरीकडे आसरा नाही.

यातून आपण घ्यायची गोष्ट ही की, एका नावाखाली अनेक झाडे असतात आणि प्रत्येक झाड आपली जमीन ओळखून असते. सगळ्यांना एकाच मापाने मोजू नये.

पोलादी नांगर आला आणि माळ गेला

ही फुले वाढत होती ती गवताळ माळांवर. तिकडे त्याला प्रेअरी म्हणतात. मैलोगणती गवत, त्यात शेकडो जातींची रानफुले, आणि खाली मुळांचे घट्ट जाळे. सुरुवातीला आलेल्या शेतकऱ्यांचे लोखंडी नांगर त्या मुळांत आणि चिकट मातीत अडकून पडत. १८३७ साली इलिनॉय राज्यात जॉन डीअर नावाच्या लोहाराने गुळगुळीत पोलादी फाळाचा नांगर केला. त्याच्याच नावाचे हिरवे ट्रॅक्टर आज आपल्याही रस्त्यांवर दिसतात. त्या नांगराने माळ फुटला आणि मका, गहू, सोयाबीन पिकू लागले.

पीक आले, पैसा आला, यात शंका नाही. पण नांगर कुठे थांबवायचा हे कोणी ठरवले नाही. आयोवा राज्याचा बहुतांश भाग एकेकाळी असा माळ होता. आज त्यातला हजारात एक हिस्सासुद्धा राहिलेला नाही. जे उरले ते कुठे? जुन्या दफनभूमीत आणि रेल्वेच्या कडेला. जिथे नांगर पोचला नाही तिथे. आपल्याकडे देवराईत जुनी झाडे उरतात ना, तसेच.

दक्षिणेकडच्या कमी पावसाच्या माळांवर तर १९३० नंतरच्या दशकात अनर्थ झाला. गवत उखडलेले, त्यात ओळीने अवर्षण. वारा सुटला की रानातली सुपीक माती आकाशात. १४ एप्रिल १९३५ या दिवशी धुळीचे असे वादळ आले की दिवसा अंधार झाला. कुटुंबेच्या कुटुंबे घरदार सोडून निघाली. त्याच वर्षी तिथल्या सरकारने मृदसंधारणाचे स्वतंत्र खाते काढले.

शेतातच पट्टा सोडला

आता दुरुस्तीची गोष्ट. आयोवा स्टेट युनिव्हर्सिटीच्या शास्त्रज्ञांनी २००७ साली एक प्रयोग सुरू केला. मका-सोयाबीनच्या उताराच्या रानात त्यांनी आडवे पट्टे सोडले आणि त्यात माळावरचे मूळचे गवत आणि रानफुले पेरली. अशा पट्ट्यांच्या बियाण्याच्या मिश्रणात ब्लेझिंग स्टारही घालतात. पट्ट्याखाली गेलेली जमीन किती? शंभरातले दहा भाग. २०१७ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पट्टे असलेल्या रानातून वाहून जाणारी माती सुमारे ९५ टक्क्यांनी कमी झाली. परागीकरण करणारे कीटक तिपटीहून अधिक दिसले. आणि पट्ट्याबाहेरच्या पिकाचा एकरी उतारा घटला नाही.

हे कसे घडते? उतारावरून पाणी धावत येते. मध्ये ताठ देठांचे दाट गवत आले की पाण्याचा वेग मोडतो. वेग मोडला की पाणी हातातले ओझे खाली ठेवते, म्हणजे माती तिथेच बसते. खोल मुळांच्या वाटेने पाणी जमिनीत मुरते. वर फुले असली की कीटकांना बारमाही खाणे मिळते. यात जादू काही नाही.

तुम्ही म्हणाल, “साहेब, एकरातले चार गुंठे आम्ही फुलांना सोडायचे? खायचं काय?” बरोबर आहे. आपली रानं लहान. पण आपल्याला नवा पट्टा सोडायचाच नाही. आपल्याकडे तो आजोबा-पणजोबांच्या काळापासून आहे. त्याचं नाव बांध.

आमच्या घरचीच गोष्ट

सांगायला संकोच वाटतो, पण सांगतो. १९७२ च्या दुष्काळात बांधबंदिस्तीची कामे निघाली, तेव्हा माझे आजोबा त्या कामावर होते. आमच्या शिवारातला बांध त्यांनी स्वतः टोपलीने माती टाकून घातलेला, चार हात रुंद. पुढे वाटणी झाली. बांधाच्या वरच्या अंगाला चुलत्यांचं रान, खालच्या अंगाला आमचं. दरवर्षी नांगरताना इकडून एक तास, तिकडून एक तास. बांध कोरत कोरत वीतभर राहिला. त्यावर गवत टिकेना, फूल तर दूरच. वरून दरवर्षी काडी लावायची ती लावायचीच.

मग एका वर्षी मृगातच रात्रीत ढगफुटीसारखा पाऊस झाला. सकाळी पाहतो तर बांध मधोमध फुटलेला. चुलत्यांच्या रानातली माती धुऊन गेली, खाली मुरूम उघडा पडला. आमच्या रानात घळ पडली आणि पेरणी वाहून गेली. नुकसान दोघांचं, पण दोष एकमेकांना. तीन वर्षं दोन्ही घरांत बोलणं नव्हतं. आणि घरातला मुलगा, म्हणजे मी, तेव्हा शेतीची पदवी घेत होतो!

एका एकरावरची एक इंच माती म्हणजे किती, याचा हिशेब कधी केला आहे? सुमारे ३,६०० घनफूट, म्हणजे ३६ ब्रास. बाजारभावाने तितकी गाळमाती आणून टाकायची तर काय खर्च येईल, तो तुम्हीच काढा. उलट दोनशे फूट लांब आणि तीन फूट रुंद बांधाखाली जमीन जाते ती अर्ध्या गुंठ्याहून थोडी जास्त. कोरून कोरून मिळवतो काय आणि घालवतो काय?

आपल्या बांधावरचे सोयरे

ब्लेझिंग स्टार आपल्याकडे आणून लावा असे मी मुळीच सांगत नाही. ते त्या मातीचे फूल आहे. आपल्या बांधावर त्याचेच भाऊबंद उभे आहेत, फक्त आपण त्यांना नावाने ओळखत नाही.

सहदेवी घ्या. बारीक जांभळी फुले, कडेला पाकळ्या नाहीत, नुसती नळीची फुले. अगदी ब्लेझिंग स्टारची धाकटी बहीण शोभावी. चिबड, पाणथळ कडेला पांढऱ्या फुलांचा माका येतो. भातकापणीनंतर ओलसर खाचरात गुलाबी-जांभळ्या गोंड्यांची गोरखमुंडी दिसते. मुरमाड बांधावर एकदांडी असते. कोणी तिला दगडी पाला म्हणतात, कोणी कंबरमोडी. गावागणिक नाव बदलते, म्हणून नावावर जाऊ नका, झाड ओळखा. घाटमाथ्यावर पाऊस ओसरताना पिवळीधमक सोनकी फुलते. हे सगळे सूर्यफुलाचे सोयरे.

यांचा पिकाला फायदा काय? तीन पिके सांगतो. सूर्यफुलाचे तबक मधोमध पोकळ राहते अशी तक्रार असते. त्याचे एक मोठे कारण म्हणजे मधमाश्या कमी. त्यासाठी फुलोऱ्यात सकाळी ७ ते ११ च्या दरम्यान हाताला तलम कापड गुंडाळून तबकावरून हलकेच फिरवा, असे आम्ही सांगतो. तो उपाय चांगलाच आहे, पण माशी ते काम मजुरी न घेता करते. दुसरे पीक कारळा. त्याचे दाणे भरायला एका झाडाचे पराग दुसऱ्या झाडावर जावेच लागतात, आणि ते नेतात मधमाश्या. तिसरे पीक करडई. तिच्यावर मावा येतो. त्या माव्यावर सिरफिड माशीच्या अळ्या आणि ठिपक्यांचे ढालकिडे ताव मारतात. पण ही सिरफिड माशी मोठी झाली की तिला पराग आणि मध लागतो. करडई फुलायच्या आधी तो तिने कुठे शोधायचा? बांधावर.

सोयऱ्यांतला वैरी

पण सगळेच सोयरे सज्जन नसतात. गाजरगवत, ज्याला कोणी काँग्रेस गवत म्हणतात, तेही याच कुळातले. तेही अमेरिकेतूनच आलेले. १९५० नंतरच्या दशकात पुण्यात त्याची नोंद झाली आणि आज ते देशभर पसरले आहे. एक झाड हजारो बी टाकते. माणसाला त्याने खाज येते, अंगावर पुरळ उठते, दमा वाढतो. जनावराच्या खाण्यात गेले तर दूध कडवट होते.

पिकालाही ते जड जाते. कपाशीवरचा पिठ्या ढेकूण त्याच्यावर राहतो. सूर्यफुलावर नेक्रोसिस नावाचा विषाणू रोग येतो, पाने करपतात, शेंडा पिळवटतो. हा विषाणू गाजरगवतात बिनबोभाट राहतो, त्याच्या परागकणांतून आणि फुलकिड्यांमार्फत सूर्यफुलावर जातो. पाहा, एकाच कुळातले एक झाड पीक राखते आणि दुसरे पीक मारते. म्हणूनच सरसकट काडी लावणे हा उपाय नव्हे आणि सरसकट वाढू देणे हाही नव्हे. ओळख पटवूनच हात घालायचा.

वर्षभर काय करावे?

१. जूनमध्ये पहिल्या चांगल्या पावसानंतर बांधाची डागडुजी करा. खचलेल्या जागी माती घालून धुमसा. दोन्ही बाजूंस मारवेल किंवा पवन्या गवताचे ठोंब फूट-फूट अंतरावर लावा. गवत माती धरते, फुले त्याच्या आडोशाने आपोआप येतात.

२. जुलै-ऑगस्टमध्ये गाजरगवत फुलावर येण्याआधी मुळासकट उपटा. जमीन ओली असताना सहज निघते. हातात मोजे घाला, तोंडाला फडके बांधा. खाज येणाऱ्या माणसाने हे काम करू नये. पंधरा दिवसांनी पुन्हा फेरी मारा. पानांवर मेक्सिकन भुंगे खात असलेले दिसले तर त्यांना मारू नका. गाजरगवत खाण्यासाठीच ते १९८० नंतरच्या दशकात आपल्या देशात आणले गेले.

३. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये बांध फुलावर असतो. तेव्हा विळा लावू नका. तणनाशकाचा फवारा बांधावर जाऊ देऊ नका. पिकावर औषध मारणे भागच असेल तर संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर मारा.

४. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बी पडून गेल्यावर गवत कापून घ्या. जनावराला वैरण होईल. मात्र बुडखे वीतभर ठेवा.

५. उन्हाळ्यात बांध पेटवू नका. कोणी म्हणेल, अमेरिकेत माळ जाळतातच की. जाळतात, पण काही वर्षांनी एकदा, ठरवून, जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली. आपण दरवर्षी वैशाखात जाळतो आणि लगेच उघड्या बांधावर मृगाचा पाऊस घेतो. बीही जाते, मातीही जाते.

६. भात पिकवणाऱ्या बंधूंसाठी वेगळी सूचना. नाकतोडे खाचराच्या बांधात अंडी घालतात. तिथे बांधाची छाटणी चुकवू नका. फुलांसाठी खाचराबाहेरची कडा राखा.

७. बांध कोरू नका. नांगराचे शेवटचे तास बांधापासून हातभर अलीकडेच थांबवा.

शेवटी एकच सांगतो

या वैशाखाआधी आबांचा निरोप आला, “रावसाहेब, औंदा काडी लावली नाही. पण काय ठेवायचं, काय काढायचं, ते येऊन दाखवा.” मी गेलो. दोघांनी मिळून अर्धा दिवस बांधावर फिरून एकेक झाड पाहिलं. तुम्हीही तेच करा. घरातल्या शाळकरी मुलांना बरोबर घ्या. आणि बांधापलीकडच्या शेजाऱ्यालाही हाक मारा, कारण बांध एकट्याने राखता येत नाही.

आमच्या घरी मागच्या दिवाळीत वडील आणि चुलते पुन्हा त्या बांधावर उभे राहिले. दोघांनी दोन-दोन हात जागा सोडली. दोघांनी मिळून माती टाकली. यंदा पावसाळ्यात त्यावर मारवेल धरला आहे आणि कडेने सहदेवी फुलली आहे. घळ अजून पुरती भरलेली नाही. माती जायला एक रात्र लागली, परत यायला वर्षं लागतील. पण पाणी आता गढूळ न येता निवळ येतं, हे चुलत्यांनी स्वतः मला दाखवलं.

आपल्या बांधावर कोणती फुले आहेत आणि त्यांना तुमच्या गावात काय म्हणतात, हे शेती कार्यक्रमाला पत्राने जरूर कळवा.